पेटी दिसत नाही

माझे दाजी भित्रे आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणतो, माझी बहीण उठता-बसता म्हणते, आणि ते स्वतःही कधी नाकारत नाहीत. उलट पंजा पुढे करतात, सगळी बोटं एकेक करून हलवून दाखवतात आणि म्हणतात, "मेव्हणे, ही भित्र्या माणसाची बोटं. मोजून घ्या." आम्ही जिथे काम करतो तिथे शूर माणसांची बोटं मोजायला गेलं तर हिशोब चुकतो, म्हणून मी पुढे काही बोलत नाही.

कारखान्यांमध्ये जड लोखंड उचलायला मोठाले विजेचे चुंबक वापरतात. ते विकायला जाण्याआधी आमच्याकडे तपासायला येतात. वीज दिली की चुंबक धरतो, वीज काढली की सोडतो, एवढंच त्याचं शास्त्र. आम्ही त्याला एक थोरला लोखंडी ठोकळा उचलायला लावतो, कंबरेइतका वर नेतो आणि लटकवून ठेवतो. किती वेळ धरतो, किती तापतो, किती वीज खातो, ते बघायचं. ठोकळा वर गेला की त्याच्याखाली दोन बाजूंनी दोन लोखंडी घोडे, म्हणजे चाकं लावलेले टेकू, सरकवायचे, म्हणजे चुंबकाने दगा दिलाच तर ठोकळा घोड्यांवर बसेल. घोडे लांब दांडीने ढकलायचे आणि माणसाने पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरच राहायचं. ठोकळा वर गेल्यापासून दुसरा घोडा बसेपर्यंतचा वेळ मला अजिबात आवडत नाही. त्या वेळात चुंबकाची एक बारीक घूं चालू असते. ती कानात कमी आणि दाढेत जास्त ऐकू येते.

आता पेटीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच घडलं. पेटी म्हणजे खाचा असलेला लोखंडी डबा. प्रत्येक खाचेत एक कार्ड, आणि प्रत्येक कार्ड म्हणजे एक यंत्र. एक वीज मोजतं, एक उष्णता मोजतं, आणि एक चुंबकाची वीज चालू-बंद करतं. पेटीतून एक जाड केबल निघते, भिंतीतल्या भोकातून माझ्या खोलीत येते आणि माझ्या कॉम्प्युटरला लागते. केबल लागली की कॉम्प्युटरला वाटतं, ही सगळी कार्डं आपल्याच पोटात आहेत. पेटी चुंबकाजवळ हवी आणि माणूस चुंबकापासून लांब हवा, म्हणून हा खटाटोप. खोल्या ओळीने तीन आहेत. एका टोकाला माझी, मधे अरुंद बोळ, त्यात पेटी आणि दाजी, आणि बोळातल्या लोखंडी दाराच्या पलीकडे तपासणीची खोली. केबलचं भोक हातभर रुंद आहे. आम्ही त्याच भोकातून एकमेकांशी बोलतो. पेटीच्या पंख्याचा आवाजही त्यातूनच माझ्याकडे येत राहतो.

पेटी आणि कॉम्प्युटर चालू करायचा एक क्रम आहे. आधी पेटी, मग कॉम्प्युटर. बंद करताना उलट. दाजींनी हे प्रत्येक नव्या माणसाला इतक्यांदा सांगितलंय की लोक त्यांना "आधीपेटी" म्हणतात, आणि ते हाकेला ओ देतात. मला त्यांनी समजावलं होतं ते असं: "कॉम्प्युटर जागा होताना एकदाच हजेरी घेतो. तेव्हा जो 'हजर' म्हणाला तो आहे, जो गप्प राहिला तो त्याच्या लेखी जगातच नाही. मग पेटी त्याच्या नाकासमोर ओरडत बसली तरी त्याला दिसायची नाही." हजेरी झाली की कॉम्प्युटर सगळ्या कार्डांना आधीचं काम सोडायला लावतो आणि नव्याने सुरू करतो. पण ज्याची हजेरीच लागली नाही त्याला काम सोड म्हणणार कोण? ते कार्ड शेवटचा हुकूम धरून बसतं. म्हणून पडद्यावर पेटी दिसत नाही, याचा अर्थ पेटी बंद आहे असा मुळीच नसतो.

कधीकधी सगळं क्रमाने करूनही पेटी हजेरीत सापडत नाही. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यावर उपाय एकच. मी भोकातून ओरडायचं, "दाजी, पेटी दिसत नाही." कॉम्प्युटर बंद करायचा. दाजींनी पेटीचं बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचं. मग मी कॉम्प्युटर लावायचा. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की तोंडातून शब्द निघायच्या आत हात निघायचा.

फक्त दाजींचा हात निघायचा नाही. त्यांची एक पद्धत होती. ते डावा हात खिशात घालायचे, कारण विजेच्या जागी दोन हात एकदम पुढे करायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. उजव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवायचे आणि मोठ्यांदा विचारायचे, "आत कोण?" मग प्रत्येकाने आपापल्या तोंडाने सांगायचं, "मी बाहेर." एकदा मी म्हणालो, "आम्ही दोघं बाहेर." तर आतून उत्तर आलं, "दुसऱ्याचं तुम्ही सांगू नका, मेव्हणे. त्याला तोंड आहे." सगळ्यांचे आवाज ऐकल्याशिवाय त्यांचा अंगठा खाली जायचा नाही. एकाने चेष्टेने गप्प राहावं, तर हे दार उघडून आत जाऊन बघून यायचे, परत खिशात हात, परत "आत कोण?" काम बोंबलायचं. आमचे साहेब कपाळाला हात लावायचे.

घरीही तेच. मोरीचा दिवा घालवताना "आत कोण?" कुलूप लावताना "आत कोण?" बहीण समोर उभी असली तरी विचारणार. ती म्हणायची, "मी आहे, तुमची बायको. अजून तरी आहे." त्यावर ते म्हणायचे, "आत की बाहेर, ते सांग."

याचं मूळ तिनेच मला एकदा सांगितलं. लहानपणी दाजी शाळेच्या खेळाच्या सामानाच्या खोलीत लपले होते. वर्गात मार मिळणार होता म्हणून. शाळा सुटल्यावर शिपाई कुलूप लावायला आला. त्याने दारातून विचारलं, "आत कोण?" भला माणूस, दोनदा विचारलं. हे चटयांच्या मागे श्वास धरून बसलेले. उत्तर दिलं तर मार, म्हणून दिलं नाही. शिपायाने कुलूप लावलं आणि पुढे सुट्टी होती. शेवटी आईबापांनी शोधत शोधत कुलूप फोडलं तेव्हा त्यांच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. "ओरडून गेला होता का आवाज?" असं मी विचारलं. बहीण म्हणाली, "छे. ते एकदाही ओरडले नव्हते." हे ऐकल्यापासून मी त्यांची थट्टा थोडी कमी केली. बंद काही केली नाही.

मग माझी भाची आमच्याकडे कामाला लागली. दाजींची एकुलती एक. शिकून आलेली, चटपटीत, बापाच्या बरोबर उलटी. तिला ठोकळ्याची भीती नाही, विजेची नाही, साहेबांची तर नाहीच. भीती एकाच गोष्टीची, बाप चारचौघांत आपल्याला लाडाच्या नावाने हाक मारेल याची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "बाबा, इथे मला चिऊ म्हणायचं नाही." दाजींनी मान डोलावली आणि तासाभरात बोळातून हाक मारली, "आत कोण? चिऊ?" सगळे हसले. तेव्हापासून ती उत्तर द्यायची पण मनात नसताना, एकदम बारीक, "मी बाहेर." दाजी म्हणायचे, "ऐकू नाही आलं." ती म्हणायची, "मामा, सांग ना त्यांना!" आणि मी सांगायचो नाही, कारण दुसऱ्याचं सांगायला बंदी होती.

ती आल्यापासून दाजी जास्तच घाबरू लागले. जेवता जेवता घास तसाच ठेवून विचारायचे, "पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय टाकत नाहीस ना?" ती म्हणायची, "नाही हो." बहीण म्हणायची, "जेवू द्या तिला." मीही म्हणायचो. पण एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मी इतकी वर्षं स्वतःसाठी घाबरलो, त्याची सवय होती. हे नवं आहे. हे मला झेपत नाही."

त्या दिवशी बाहेरून चुंबक बघायला पाहुणे येणार होते. साहेब सकाळपासून इकडून तिकडे करत होते. चुंबकाने ठोकळा धरला, मी वर घेतला. भाचीने दांडीने एक घोडा सरकवला. दुसऱ्याचं चाक अडलं. ती मागच्या मोठ्या दाराने बाहेर गेली. ते दार सामान आणायचं, अंगणाकडे उघडणारं. यातलं काहीच आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं; ती चाकाला घालायला तेल आणायला गेली होती. साहेबांना माझ्या खोलीच्या खिडकीतून ती अंगणात जाताना दिसली. चहा घ्यायला निघाली असेल, असं त्यांनी धरलं. म्हणजे घोडे लावून झाले असणार, असंही धरलं.

आणि माझा कॉम्प्युटर आपणहून बंद झाला. त्याला मधेच स्वतःला अद्ययावत करायची हुक्की येते, तशी आली. काळा पडदा, मग "कृपया थांबा". मी तोंड कडू करून थांबलो. तो जागा झाला, त्याने हजेरी घेतली. पेटीची जागा रिकामी.

"दाजी, पेटी दिसत नाही," मी भोकात ओरडलो आणि क्रमाप्रमाणे कॉम्प्युटर बंद केला.

"पाहुणे फाटकाशी आलेत," साहेब माझ्या मागून म्हणाले. "लवकर उरका."

पलीकडून आवाज आला, "आत कोण?"

"मी बाहेर," मी म्हणालो.

"मी बाहेर," साहेब भोकाशी वाकून म्हणाले. "ती पोरगी पण बाहेर गेलीय, मी आत्ताच बघितलं. घोडे लागलेत. दाबा तुम्ही."

"तिचं ती सांगेल," दाजी म्हणाले. "आत कोण?"

भोकातून पंख्याचा आवाज येत राहिला. आणखी काही नाही. मी नेहमीसारखा वैतागणार होतो, आणि वैतागता आलं नाही. ती उत्तर कुरकुरत द्यायची, पण द्यायची. चहाला जायचं तर आधी मला विचारायची, "मामा, तुला आणू?"

मी उठून बोळात गेलो. दाजी पेटीसमोर उभे होते. डावा हात खिशात, उजवा अंगठा बटणावर. साहेबांच्या घाईने तो अंगठा अर्धा दाबला गेला होता. पेटी बंद झाली की चुंबकाची वीज जाणार, आणि ठोकळा खाली येणार. भोकातून साहेबांचा आवाज येत होता, "अहो, दाबा की! कुणी नाहीये आत!" मला वाटलं, आता ते दाबतील. कुणीही दाबलं असतं.

त्यांनी अंगठा उचलला. अगदी सावकाश, बटणाला कळू नये असा.

"मेव्हणे, इथे उभे राहा," ते म्हणाले. "या बटणाला कुणालाही हात लावू देऊ नका. मलासुद्धा." आणि त्यांनी लोखंडी दार उघडलं.

मी होतो तिथून मला सगळं दिसलं. ठोकळा लटकलेला, चुंबकाची घूं चालू. एका बाजूला घोडा होता आणि दुसरी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूला माझी भाची गुडघ्यांवर होती, दोन्ही हात ठोकळ्याच्या खाली. तेलाची बाटली आडवी झालेली. तेल मिळाल्याबरोबर घोड्याचं चाक सुटलं होतं आणि सुटताना तिची बाही चाकात ओढली गेली होती. चेहरा आमच्याकडे होता, तोंड उघडं होतं, ओठ हलत होते आणि त्यातून काही म्हणजे काही बाहेर येत नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. बापाचं "आत कोण?" ऐकलं होतं आणि साहेबांचं "दाबा"ही ऐकलं होतं.

दाजी पिवळ्या पट्ट्याशी थांबले. ठोकळा वर असताना तो पट्टा त्यांनी जन्मात ओलांडला नव्हता. तसे ते क्षणभरच थांबले असतील, पण मला ते फार वाटलं. मग त्यांनी डावा हात खिशातून काढला आणि आत गेले.

तेवढ्यात माझ्या मागून, भोकातून, मला ओळखीची एक बारीक टिंग ऐकू आली. माझा कॉम्प्युटर चालू होताना करतो ती. मी खुर्चीवर नव्हतो, पाहुणे दारात होते, दाजींची एव्हाना पेटी बंद-चालू करून झाली असेल असं समजून साहेबांनी कॉम्प्युटर लावला होता.

"बंद करा!" मी भोकात किंचाळलो. "हात लावू नका त्याला! बंद करा!"

"अहो, आत्ताच तर लावला," साहेब म्हणाले. मग त्यांना माझ्या आवाजातलं काहीतरी समजलं असावं, कारण खुर्ची पडल्याचा आवाज आला. "कुठून बंद करू? कुठून?"

"खालचं बटण! दाबून धरा!"

कॉम्प्युटर आता हजेरी घेणार होता. या वेळीही पेटी सापडली नाही, तर ठीक. सापडली, तर तो प्रत्येक कार्डाला काम सोडायला सांगणार होता, आणि चुंबकाच्या कार्डाचं काम एकच होतं. रोज मी देवाला विनवतो की पेटी दिसू दे. त्या वेळी मी पेटीसमोर उभा राहून तिलाच विनवत होतो की बाई, गप्प राहा. हजर म्हणू नकोस. चुकून कोपर बटणाला लागेल याचीही भीती वाटत होती, म्हणून मी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

आत दाजी गुडघ्यांवर बसले होते. त्यांचे दोन्ही हात ठोकळ्याखाली होते. "चिऊ," ते अगदी घरच्यासारखं म्हणाले, "हात ढिला सोड. ओढू नकोस. मी ओढतो." तिने मान हलवली. त्यांनी बाहीला हिसका दिला. फाटली नाही. त्यांनी खाली वाकून बाही दातांत धरली. त्यांचं डोकं ठोकळ्याखाली गेलं. मला बघवेना आणि डोळे मिटवेनात. माझ्या बहिणीला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात येत होतं.

कापड फाटल्याचा आवाज आला. ते तिला काखेत धरून मागे सरकले, दोघंही पडले, पडल्या पडल्या सरकले. पट्ट्याच्या बाहेर तिचे पाय अजून यायचे होते, तेवढ्यात पेटीवरचा एक दिवा हिरवा झाला. पेटी हजेरीत सापडली होती. खट्‌ असा अगदी छोटा आवाज झाला, टाचणी पडावी इतका, आणि चुंबकाची घूं थांबली.

ठोकळा एका बाजूने घोड्यावर आदळला, कलंडला आणि मोकळ्या बाजूला पडला. जमीन हादरली. दुसरा घोडा, भाचीने ज्याचं चाक सोडवलं होतं तो, त्याच्याखाली आडवा होऊन चपटा झाला. तेलाच्या बाटलीचा तर पत्ताच लागला नाही.

धूळ खाली बसली. मी दाराशी गेलो. भाची भिंतीला टेकून बसली होती, एक बाही नाही, पाय पोटाशी. दाजी उठून उभे राहिले होते. ते पट्ट्याशी जाऊन आतल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मी म्हणालो, "दाजी, चला." त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी डावा हात खिशात घालायचा प्रयत्न केला. खिसा काही सापडेना.

"आत कोण?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं. मग मी म्हणालो, "मी बाहेर."

भोकातून साहेबांचा आवाज आला. त्यांच्या मागे पाहुणे कुजबुजत होते. तरी ते म्हणाले, "मी बाहेर."

भाचीने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दाजी मागे वळले नाहीत, घाई केली नाही, तिच्या वतीने मलाही बोलू दिलं नाही. ठोकळ्याकडे तोंड करून वाट बघत राहिले.

"मी," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण मोठा होता. भोकातून पलीकडच्या पाहुण्यांपर्यंत पोहोचेल इतका मोठा. "मी चिऊ. बाहेर आहे, बाबा."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "आत कोण?"

"मी चिऊ. बाहेर आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण तिने मला खुणेने थांबवलं, भिंतीला धरून उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ते विचारत होते, आणि ती दर वेळी उत्तर देत होती.